पाचव्याचं म्हणणं

जेवण झालंय. केबिनचा पत्रा उन्हात तडतडतोय आणि शर्वाणीचे डोळे मिटतायत, पूर्ण नाही. बाहेर कातळी सड्यावरच्या टॉवरला कामगार रवळू लटकलाय, कमरेला निळा दोर. दोर सोडायचं बटण तिच्या हाताशी. रवळूच्या यंत्रावर दोनच कळा: धरा, आणि खाली पाय टेकले की सोडा. आठ पॅनेल त्याचा इशारा ऐकतात, आपापला अंदाज बांधतात, शेजारच्याला कळवतात. बहुमत पडद्यावर. मुख्य असा कुणी नाही.

"मुख्य नाही, म्हणजे दोषही कुणाचा नाही," समोरच्या खुर्चीतून मुकादमचाचा म्हणतात.

ते दोन महिन्यांपूर्वी याच टॉवरवरून पडून गेले.

"चहा घेता, चाचा?"

"पडल्यापासून गिळवत नाही, बाय."

ती दार उघडते तर बाहेर मचवा. टॉवर त्याची डोलकाठी झालाय. काठाला आठ खलाशी, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. पाचवा तेवढा पाठ फिरवून वर बघतोय.

एक: सोडा.
दोन: एक म्हणतो तर सोडा.
तीन: दोघं म्हणतायत.
चार: मग सोडाच.
पाच: धरा.
सहा: ह्याचं काय ऐकता.
सात: सगळे म्हणतायत तर सोडा.
आठ: सोडा सोडा सोडा

"त्या दिवशी असंच झालं," शर्वाणी म्हणते. "पाचव्याचं नेहमी वेगळंच यायचं. म्हणून त्याचं मत मी शून्य धरलं."

"शून्य धरलंस. मला सोडलंस."

"सात जण सांगत होते, चाचा."

"सात कुठले, मॅडम? एकटाच सात वेळा बोलला. माझ्याकडे तोंड फक्त पाचव्याचं होतं." ते तिच्याकडे बघत नाहीत. "आज त्याला विचारलंस?"

"पाचवं पॅनेल तेव्हापासून बंदच आहे. चालू केलं तर का केलं, ते अहवालात लिहावं लागेल."

"हां. आणि अहवालात मी आपणहून पडलोय."

मचव्यात पाणी चढतंय. चाचा तिच्या उजव्या हातात दोर देतात.

"धर."

दोर सुटतो. पळतो. तळहात पेटतो.

केबिन. पडद्यावर सात हिरवे दिवे, पाचवा काळा. खाली मोठ्या अक्षरात: सोडा.

शर्वाणीचा उजवा हात सवयीने बटणाकडे जातो. मूठ उघडत नाही. ती बोटं ओढून बघते, उघडत नाही. डाव्या हाताने ती पाचवं चालू करते.

पाच: धरा.

बाहेर दोर ताणलेला, रवळू अजून वर आहे. तिच्या मिटलेल्या मुठीतून निळ्या नायलॉनचा एक धागा बाहेर आलाय, ओला.