घट्ट मोजे

धावपटू म्हणून लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितोय, माफ करा.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी पळताना पोटऱ्या दुखू नयेत म्हणून त्या आवळून धरणारे नवे मोजे दिले. "सुट्टीत एक दिवस घालून, एक दिवस न घालता पळ. वेळ लिहून ठेव. सुधारलास तर विद्यापीठाच्या संघात घेतो."

महिनाभर गावी, तेलगावच्या रस्त्यावर पळालो. वेळ रोज तीच, पोटऱ्याही तशाच दुखायच्या. पहिला दिवस सोडला तर मोजे सैल वाटायचे, पण वापरून असेच होत असतील, असं समजलो. विचारणार कुणाला? स्वतःवरच चिडायचो.

सुट्टी संपल्यावर वही पाहून सर म्हणाले, "मनापासून पळालाच न्हाईस बे." संघात दुसरा गेला.

मग हॉस्टेलवर आईने बहिणीकडून लिहवलेलं पोस्टकार्ड आलं. "पायावर वळ उठलते, म्हणून पहिल्याच धुण्याला तुझे मोजे गरम पाण्यात भिजवून कळशीवर ताणलते. नवे मिळाले तर तेबी आण, सैल करून देते."