वात
लाखोळीच्या डाळीचे वडे तळल्याचा वास आला की मला बेसा गावातल्या आमच्या खळ्यावरची ती दुपार आठवते. इंग्रजांचे राज्य होते. मी नागपुरात डॉक्टरकी शिकत होतो आणि सुटीत घरी आलो होतो. लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरणारा आमचा सालदार काठीवर रेलून, गुडघ्यात गुडघा अडकवत आला. "बापू, मले खरं सांग गा," तो म्हणाला, "लोक म्हणतेत, हे लाखोळीनं होते." खरे मला ठाऊक होते. महिनोन्‌महिने लाखोळीच खाल्ली की मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेणारे पाठीच्या कण्यातले पांढरे तंतू मरतात, हे मी त्याच वर्षी शिकलो होतो. पण त्याची मजुरी आम्ही लाखोळीतच देत होतो, आणि वडील शेजारी उभे होते. मी म्हणालो, "वात आहे." "मंग बरं," तो हसला, "मी उगाच दाण्याले दोष देऊन राहिलो होतो." त्याला वाकता येईना, म्हणून त्या आठवड्याची लाखोळीची थैली मीच उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली. आता सून वड्यांची ताटली पुढे करते आणि विचारते, "बाबा, तुम्ही काहून नाही घेत?" मी म्हणतो, "वात आहे."