लग्नाच्या कॅसेटच्या शेपटीला

आमच्या घरच्या एकाही लग्नाच्या कॅसेटमध्ये आई नव्हती. वरमाला होती, सूनमुख होतं, रुसलेले जावई होते, तोंडात घास असलेलं अख्खं गाव होतं. आई नव्हती, कारण चोपड्याकडच्या आमच्या गावात खापरावरचे मांडे करावेत ते तिनेच, आणि मांडे काही मांडवात होत नाहीत. ते मागच्या पडवीत, चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर होतात. तिकडे व्हिडिओवाला कशाला फिरकतोय? घरात कॅसेट लागली की आई दाराशी उभी राहून शेवटपर्यंत बघायची आणि मग एवढंच विचारायची, "मी शे का यामा?" कुणीतरी, यात तू नाहीस, म्हणायचं. ती चहाचं आधण ठेवायला आत जायची. तिला वाईट वाटायचं की नाही, कोण जाणे. मला मात्र भयंकर राग यायचा.

नव्वदीची सुरुवात होती. मी जळगावला मावशीकडे राहून कॉलेज करत होते. मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, फोटो स्टुडिओ होता आणि लग्नांच्या शूटिंगसाठी त्यांनी खांद्यावर घ्यायचा भला मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले आणि तो शिकले. शिकले म्हणजे, पी हळद आणि हो गोरी! कॅमेऱ्याला बटण एकच, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. पहिल्याच साखरपुड्यात माझं गणित उलटं झालं. अंगठी घालताना कॅमेरा बंद, आणि मी इकडून तिकडे चालत असताना चालू. कॅसेटभर माझ्या चपला. काका आणि मावशी ती बघून पोट धरून हसले, आणि मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

काकांचे नियम साधे होते. प्रत्येक पाहुण्याचं तोंड आलंच पाहिजे, नाहीतर माणसं जन्मभर नाव ठेवतात. आणि कॅमेरा कधी उजेडाच्या दिशेने धरायचा नाही, तोंड काळं पडतं.

त्या वर्षी चुलतभावाचं लग्न झालं. मांडे आईचे, कॅसेट काकांची, आणि आई नेहमीसारखी गायब. पण त्या कॅसेटच्या शेवटी थोडी टेप कोरी उरली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, तशी मीही निघाले होते. मी काकांकडे कॅमेरा मागितला. म्हटलं, त्या उरलेल्या टेपवर आईची छोटीशी फिल्म करते, फक्त मांड्यांची. ते म्हणाले, मांडे लोक खातात, बघत नाहीत. पण कॅमेरा दिला.

आखाजीला आमरसाबरोबर मांडे होतातच. सकाळी आई चुलीपुढे बसली आणि मी कॅमेरा खांद्यावर घेतला. झालं! तिने हात धुतले, आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीला टेकून ताठ बसली. दोन्ही काकूही धावत येऊन शेजारी बसल्या. मी ओरडत होते की अगं हा फोटो नाही, हल, काहीतरी कर. ती ओठ न हलवता म्हणाली की काढून झाला की सांग, मग हलते. कॅमेऱ्यापुढे हलायचं नाही, हे त्या तिघींच्या अंगात मुरलेलं होतं. मी वैतागून कॅमेरा खाली ठेवला. वाटलं, ही बाई कॅसेटमध्ये यायचीच नाही, मी कितीही शिकले तरी.

पण जेवायला माणसं खोळंबली होती. आई पुन्हा चुलीपुढे आली. पुरण भरलेला उंडा तिने थोडा लाटला, हातांवर घेतला आणि ती तो या हातावरून त्या हातावर खेळवू लागली. मांडा पसरत मनगटावर आला, मनगटावरून कोपरापर्यंत. मी नीट बघायला समोर सरकले तशी ती म्हणाली, "बाजूले व्हय, मांडा फाटी जाई."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मांडा हातांवर असताना आईला पदर ओढता येत नाही. उठता येत नाही. थांबताही येत नाही. थांबली की तो फाटलाच.

मी कॅमेरा उचलला, आत चालू असल्याची लाल खूण दिसते की नाही ते नीट पाहिलं आणि सुरू केला. ती उंडा उचले तेव्हा चालू, मांडा खापरावर पडला की बंद. जोडाजोड करायला यंत्र नव्हतं, ज्या क्रमाने टिपलं तीच फिल्म. आईच्या मागे परसाचं दार सताड उघडं होतं आणि तिथून वैशाखाचं ऊन आत येत होतं. काकांचा नियम मोडत होता, आईचं तोंड काळं दिसत होतं. मोडू दे म्हटलं. कारण तिच्या हातांवरचा मांडा कंदिलाच्या काचेसारखा उजळला होता, आणि आतलं पुरण पिवळंधमक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्या काकांकडे भाड्याचा व्हीसीआर आला. लग्नाची कॅसेट बघायला आळी लोटली. कॅमेरा परत न्यायला आलेले जळगावचे काकाही बसले होते. आई दाराशी उभी. लग्न संपलं, लोक उठून चपला शोधू लागले. पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग दोन हात आले, त्यांच्यावर पसरत जाणारा मांडा. उठलेले लोक पुन्हा खाली बसले. जळगावचे काका तर पुढे सरकून बसले होते. मी जिंकले होते, आणि ते मला कळत होतं.

शेजारच्या अक्काला त्या मांड्याआडचं तोंड ओळखू येईना. तिने विचारलं, "हाई कोण शे?"

दारातून आई म्हणाली, "मी शे."

सगळे वळून बघू लागले. बायकांनी सरकून जागा केली आणि आई आत येऊन टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. काकांनी न विचारता कॅसेट मागे घेतली आणि परत लावली. चहाचं आधण त्या दिवशी मी ठेवलं.