नीरफणस आणि माझी अर्धी मिशी

माझी अर्धी मिशी बिबट्याने नेली, असं आळेफाट्यापासून मंचरपर्यंत आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. ती एका फळाने नेली.

(हसण्याआधी आपण स्वतः सासुरवाडीत काय काय गमावून आलो आहोत, ते ज्याने त्याने आठवून घ्यावं. मग खुशाल हसावं.)

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पोर्ट ब्लेअरला बंदराच्या बांधकामावर सुपरवायझर होतो. लग्नाला वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, सहवास मला मुख्यतः एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात लाभला होता. कारण सासरे तिला पाठवायला तयार नव्हते. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. पिंपरी पेंढारला त्यांचा कांदा, ऊस आणि आंब्याची जुनी झाडं. माणूस लाखात एक. पण एकदा 'न्हाई' म्हणाला, की ट्रॅक्टर जुंपला तरी ते 'न्हाई' जागचं हलायचं नाही!

"काळं पानी ते!" मामा फोनवर ओरडायचे. (अंदमान लांब, म्हणून आवाजही तेवढाच लांब फेकायचा, असा त्यांचा हिशेब.) "इंग्रज लोकं कैद्यान्ला बेड्या घालून तिकडं न्येत व्हती. आन मी माझी पोर तिकीट काढून धाडू व्हय?"

"मामा, आता तिथे सगळं आहे. शाळा, दवाखाना, सिनेमा..."

"शिनेमा खाती का ती? खायाचं काय त्ये बोला!"

"मासे," मी म्हणालो आणि जीभ चावली.

मामांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. आमच्या भागातली मासवडी तुम्हाला माहीत असेल. तीळ, खोबरं आणि बेसनाची, माशाची सावलीसुद्धा न पडलेली! पण आमच्या सासूबाई तिलाही नुसतं 'वडी' म्हणायच्या. अशा घरात मी मासे उच्चारले होते. ते निस्तरायला घाईघाईने म्हणालो, "आणि नीरफणस! मामा, तिथे नीरफणस असतो!"

आता नीरफणसाबद्दल मी जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं होतं. फुटबॉलएवढं हिरवं फळ, सुसरीच्या पाठीसारखी साल. आत ना गरे, ना आठळ्या, नुसता पांढरा मगज. बेटांवरची माणसं ते निखाऱ्यांत अख्खं भाजतात, काळी साल सोलतात, आणि आतून जे निघतं ते तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं मऊ, वाफाळतं! कुणी त्याच्या फोडी नारळाच्या दुधात शिजवतात, कुणी पातळ काप तळतात. दारात एक झाड असलं की घराच्या पोटाची चिंता नाही. इथपर्यंत सगळं खरं. पण सुरू झालो की मला ब्रेक लागत नाही. एक फळ खाल्लं की दोन दिवस भूक लागत नाही, म्हणालो. तिथले म्हातारे ते खाऊन नारळावर चढतात, म्हणालो. आणि शेवटी, काही गरज नसताना म्हणालो, "मी स्वतः रोज भाजतो!"

या शेवटच्या वाक्याची किंमत अर्धी मिशी.

कारण मी आयुष्यात पापडसुद्धा भाजलेला नव्हता. भाजायची आमची शेजारीण लिली आँटी. तिचा जन्म बेटावरचा, तिच्या आईचाही. ती भाजायची, मी खायचो, अशी कामाची वाटणी होती.

"मंग घिऊन या," मामा म्हणाले. "अधिकात धोंड्याचं जेवान हाये. दोन्ही जावई येनार. तुमी भाजा, आमी खाऊ. चांगलं लागलं तर पोर तुमच्यासंगं. न्हाई लागलं, तर तुमी तिकडं आन पोर हिकडं. बोला!"

अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, मान द्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी जावयाला जागचं उठूसुद्धा देत नाहीत. चुलीपुढे बसायचं आमंत्रण स्वतःहून मागून घेतलेला मी पहिलाच!

निघताना लिली आँटीने झाडावरून चार फळं उतरवून दिली आणि पढवलं. एक, फळ पूर्ण वाढलेलं पण कच्चंच हवं. पिकलं तर भाजून उपयोग नाही. दोन, "पानी में डुबाके ले जाना, नहीं तो रास्ते में पक जाएगा." तिसरी गोष्ट भाजण्याआधी काय करायचं याबद्दल होती. पण ती सांगत होती तेव्हा माझ्या तोंडात नारळाच्या दुधातली फोड होती, आणि खाताना माझे कान बंद असतात. मी मान डोलावली.

मग बोट, मग मद्रासहून रेल्वे, आणि माझ्या मांडीपाशी झाकणाची बादली. बोटीवर समुद्राने मला आतून-बाहेरून धुऊन काढलं, पण बादलीतलं पाणी मी सांडू दिलं नाही. रेल्वेत टीसीला संशय आला. त्याने झाकण उचललं. काळ्या पाण्यात हिरव्या खवल्यांच्या चार पाठी! त्याने झाकण हळूच, अगदी प्रेमाने, परत ठेवलं आणि पुण्यापर्यंत आमच्या डब्यात फिरकला नाही.

बादली पिंपरी पेंढारला पडवीत ठेवली, सुनंदाकडे चोरून पाहून घेतलं, आणि मी आई-वडिलांना भेटायला आमच्या गावी, आंबेगाव तालुक्यात गेलो. चार दिवसांनी धोंड्याच्या सकाळी परत आलो. बादलीचं झाकण काढलं. आत नुसतं पाणी!

"मामा! फळं कुठायत?"

मामा चहा पीत होते. चेहऱ्यावर पुण्यकर्म केल्याचं तेज. "आवो पावनं, फळं कुनी पान्यात ठिवतंय व्हय? म्हशी हायती का त्या, डुंबायला? तुमी गेला आन लगीच काढली, पुसली, आन आढीत घातली. आंब्याच्या संगट. आता बघा कशी पिकत्यात!"

मी मटकन खाली बसलो. जगात दुसऱ्या कुणीही ती फळं तशीच राहू दिली असती. पण ज्या माणसाची हयात गवताच्या थरांत आंबे पिकवण्यात गेली, त्याच्या डोळ्यांदेखत चार फळं पाण्यात कुडकुडताहेत, हे त्याला बघवणार कसं? बरं, रागावणार तरी कसा? स्वतःचे आंबे बाजूला सारून त्यांनी माझ्या फळांना आढीतली उबदार जागा दिली होती!

आम्ही गवत उपसलं. तीन फळांत बोट लावताच बोट आत गेलं. ताकात केळी कुस्करावी तसा वास. चौथं मात्र आढीच्या कडेला घरंगळून गेलेलं, अजून टणक होतं.

"अहो, आता?" सुनंदा कुजबुजली.

"एक आहे ना! बास झालं."

"पण तुमाला येतंय ना भाजायला?"

"म्हणजे काय!"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. वर्षभर फोनवर संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या आवाजातला पोकळपणा बरोबर ऐकू येतो. मग ती तीन पिकलेली फळं पदरात घेऊन आत गेली.

अंगणात खड्डा केला. गोवऱ्या पेटवल्या. भोवती भावकी जमली. थोरले साडू दिलीपराव मंचरला कांद्याचे व्यापारी; कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून ते सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसले.

"साडूभाऊ, ह्ये फळ हाय का नांगरताना घावलेला धोंडा?" ते म्हणाले. "न्हाई, धोंड्याचं जेवान हाय म्हनून इचारलं!"

भावकी हसली. मी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि फळ जसंच्या तसं, अख्खं, निखाऱ्यांत सरकवलं. मग माहिती द्यायला सुरुवात केली. बेटं कशी, माणसं कशी, चव कशी. थोड्या वेळाने फळातून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.

"ह्ये वरडतंय का?" मामांनी विचारलं.

"पिकतंय... म्हणजे, शिजतंय. असा आवाज आला की समजायचं झालं," मी म्हणालो. (हे शास्त्र मी त्याच क्षणी जन्माला घातलं.)

शिट्टी वाढली. मग एकदम थांबली. भावकी दोन पावलं मागे सरली. शेतकऱ्याला असल्या शांततेचा अर्थ कळतो. मला कळला नाही. मी काठी घेऊन वाकलो.

ढाम्म!

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. राखेचा ढग कौलांपर्यंत गेला. शेजारच्या कोंबड्या त्यानंतर आठवडाभर अंड्यावर बसल्या नाहीत. दिलीपरावांची टोपी अंगणातल्या कडुलिंबावर गेली आणि सदऱ्यावर एवढा मगज बसला, की इस्त्री आणखीच कडक झाली. आणि माझ्या वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला, गरम, चिकट, खळीसारखा गोळा येऊन चिकटला तो चिकटलाच!

मी नाचत होतो. सासूबाईंनी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. जीव थंड झाला, पण गोळा दगड झाला! तेल लावलं, ओढलं, मी किंचाळलो. शेवटी सुनंदाने कात्री आणली आणि फळासकट डावी मिशी उतरवली.

एवढ्यात आवाज ऐकून उसाच्या बाजूने वाडीतली माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावत आली. आमच्याकडे बिबट्याला पळवायला फटाके वाजवतात, त्यामुळे धडाका ऐकला की कुणी दिवाळी समजत नाही.

"कुठं हाय? कुठं गेला?"

"कोन?"

"बिबट्या वो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगभर राख, ओठ लाल, मिशी अर्धी. आता माझी वरात निघणार, एवढ्यात मामा पुढे झाले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी उसाकडे हात केला.

"गेला," ते म्हणाले. "जावयाची मिशी घिऊन गेला."

माणसं आ वासून बघत राहिली. मग एकेक जण येऊन माझ्या पाठीवर थाप मारायला लागला. "लई वाचला राव!" "काळजाचा मानूस!" दिलीपराव तोंड उघडणार होते, पण मामांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते टोपी काढायला लिंबाकडे गेले.

गर्दी पांगल्यावर मामा माझ्या कानाशी आले. "बिबट्यानं नेली म्हनलं तर चार लोकं मान देत्यात. फणसानं नेली म्हनलं असतं, तर माझ्या पोरीला वाट चालू दिली नसती."

पुढचा प्रश्न उरलेल्या मिशीचा. मी म्हटलं, उजवीही काढून टाकतो. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! बाप जित्ता आसताना मिशी काढत्यात व्हय? आन ती बी सणाच्या दिशी!" झालं! आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरवतात, आणि माझे वडील तर सकाळी मला एसटीत बसवून, ठणठणीत तब्येतीने शेतावर गेलेले. तेव्हा वडिलांच्या दीर्घायुष्यासाठी मी अर्ध्या मिशीने पाटावर बसलो. सुवासिनींनी ओवाळलं. ओवाळताना प्रत्येकीचा हात हसण्याने थरथरत होता; निरांजनाने उरलेली मिशीही जाते की काय, असं मला वाटत होतं!

पण माझं लक्ष धोंड्यांत नव्हतं. अट ठरली होती. फळ चांगलं लागलं तर सुनंदा माझ्यासंगं. आणि फळ तर अर्धं लिंबावर, अर्धं दिलीपरावांच्या सदऱ्यावर. समोर वाढलेलं पुरण मला कडू लागत होतं. एकट्यानेच परत जायचं. पुन्हा काचेचं खोकं.

तेवढ्यात मामा ताटातलं काहीतरी खात म्हणाले, "ह्ये घारगं कुनी केलं? भोपळ्याचं न्हाई ह्ये. लई मऊ झाल्यात. वाढ गं अजून."

सुनंदाने आणखी दोन वाढले. मामांनी तेही संपवले, बोटं चाटली, आणखी मागितले. मग ती वडिलांना हळूच म्हणाली, "दादा, त्या बादलीतल्या फळाचं हाय. तुमी आढीत पिकवलं ना, त्यात गूळ आन कणीक घालून तळलं."

मामांचा हात ताटात थांबला. त्यांनी घारग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, आधी मिशी असलेल्या बाजूने, मग नसलेल्या.

"पावनं," ते म्हणाले, "खरं बोलू का? पोरीला तिथं खायाला मिळंल का न्हाई, ह्या काळजीनं मी अडवत व्हतो. आता ती काळजी मिटली." मी सुटकेचा श्वास घेतला. "आता दुसरी लागली. तिच्याबिगर तुमी तिथं जित्तं कसं राहिला? न्या तिला! न्हाई तर फुडच्या अधिकाला तुमचं नुसतं मुंडकं यायचं!"

सुनंदा पोर्ट ब्लेअरला आली. नीरफणस तिने असा काही हातात घेतला, की लिली आँटी भाजलेल्या फोडींबरोबर खायला आमच्या दारात ठेचा मागायला यायला लागली.

दोन-तीन वर्षांनी मामा स्वतः बोटीने आले. लिली आँटीने पाहुण्यांसाठी अंगणात निखारे केले. फळ घेतलं, देठ कापला आणि सुरी घालून आरपार भोक पाडलं. ती तिसरी सूचना! माझ्या तोंडात तेव्हाही काहीतरी होतं, पण या वेळी डोळे उघडे होते.

मामांनी भोक बघितलं. मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"अंकल, ये छेद नहीं किया तो—" आँटी समजावायला लागली.

"मालूम हाय बाई," मामा आपल्या पेंढारच्या हिंदीत म्हणाले. "भोक नाय पाड्या, तो बिबट्या आता है."

आँटी आयुष्यभर बिबट्या नसलेल्या बेटांवर राहिलेली. तिने आजूबाजूच्या समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नुसता मिशीवरून हात फिरवला, दोन्ही बाजूंनी, आणि मुकाट्याने निखाऱ्यांपासून दहा पावलं लांब जाऊन बसलो.