वास गेला तेव्हा

कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. ते नुसते नाकवाले. कुठला जोड पाझरतोय हे ते म्हणे गेटातून आत शिरतानाच सांगत. ‘गॅसचा मीटर नंतर आणा, आधी नाकवाल्यांना बोलवा,’ अशी तिथली रीतच पडली होती आणि त्यांनाही त्याची थोडी घमेंड होती. बायको म्हणायची, “कारखान्यात मिरवा ते नाक. इथे माझ्या भाजीत खुपसू नका.”

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात फिटर होता. भाऊजींनीच त्याला तिथे चिकटवून दिलं होतं.

त्या दुपारी कुणीतरी ॲसिडचा पाईप धुतला आणि ते पाणी नको त्या गटारात सोडलं. सांडपाण्याच्या खड्ड्यात आधीच सल्फाईडचं पाणी साठलेलं होतं. ही दोन पाणी एकत्र आली की विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा. नाकवाले आणि मेव्हणा खड्ड्यातला पंप बघायला निघाले होते. वास आला तसे दोघंही कडेला थबकले.

जरा वेळाने नाकवाल्यांनी पुन्हा हुंगलं. “गेला बघ. ओसरला.”

“भाऊजी, मीटर आणू का?”

“आता मीटर मला शिकवणार होय?”

ते शिडीवरून खाली उतरले. वायू ओसरला नव्हता. उलट इतका वाढला होता की नाकच बधिर झालं होतं. हा वायू असाच दगा देतो. तळाशी पाय टेकतो न टेकतो तोच ते कोसळले.

मेव्हण्याने शिडीला हात घातला, तेवढ्यात कुणीतरी मागून त्याचा पट्टा धरून त्याला खेचलं. शिफ्टच्या सुपरवायझर बाई होत्या त्या.

“मास्क लावल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही!”

“बाई, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो!”

“म्हणूनच सांगतेय. हवेची टाकी पाठीला घ्या, बंद मी आवळते.”

बाईंनी बंद आवळले, मास्क नीट बसलाय का ते तपासलं, कमरेला दोर बांधला, मगच त्याला सोडलं. वर बाकीच्या कामगारांनी दुसरा दोर धरला होता; त्याचं टोक त्याने खाली नाकवाल्यांना बांधलं. नाकवाल्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा श्वास चालू होता, पण जेमतेम.

ते वाचले. मेव्हणा मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा. पहिल्या दिवशी बहिणीने रडत रडत विचारलं होतं, “इतका वेळ का रे लागला तुम्हाला?” ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तिलाही आपण काय बोलून गेलो ते कळत होतं, पण परत घेता येत नव्हतं.

घरी आल्यावर नाकवाल्यांनी बायकोकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि मेव्हण्याला बोलावणं धाडलं. तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला.

“तुम्ही खाली पडला होतात भाऊजी, आणि मी वर बंद आवळून घेत उभा होतो.”

“तसाच उतरला असतास, तर माझ्या शेजारी आडवा झाला असतास. मग मला कुणी काढलं असतं? आणि तुझ्या ताईने कुणाकुणासाठी रडायचं?”

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “जेवून जा.” त्या घरात माफी अशीच मागितली जायची.

नाकवाल्यांची वास घेण्याची शक्ती काही परत आली नाही. एकदा गॅसवरचं दूध करपून काळं झालं, घरभर धूर झाला, तरी ते दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. बायकोने ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. मग तेच म्हणाले, “बोल ना, नाक कापलं गेलं म्हण!” आणि दोघंही हसत सुटले.

कामावर परतल्यावर त्यांनी छातीला गॅसचा मीटर लावला. नवीन माणसांना शिकवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. ते सांगत, “वास आला तर पळा. आणि आलेला वास गेला, तर आणखी जोरात पळा.” टोपणनाव बदलू द्यायला ते तयार नव्हते. त्या नावामुळे गोष्ट लोकांच्या लक्षात राहते, म्हणत.

पुढे नात झाली. बाळाच्या टाळूचा वास घ्यायला घरात रांग लागायची. त्यांची पाळी आली की तेही नाक टेकवत, डोळे मिटून घेत.

“येतो का हो काही?” बायको हळूच विचारायची.

“नाही,” ते म्हणायचे. “पण ऊब येते.”