सिनेमा संपला की मत द्यायचं

ऋतुजाचा, माझ्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी चाकणच्या बाजारात कांदे निवडत होतो. "बाबा, मिलिंदकाका गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" रिटायर झाल्यापासून मिलिंद सारखा कुठे ना कुठे जात असे, कधी लेणी बघायला, कधी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, त्यामुळे ते माझ्या तोंडून सहज गेलं. "बाबा, तसं नाही," ती म्हणाली आणि मग मला समजलं. पहाटे झोपेतच गेला होता. कांदेवाला पिशवी पुढे करून उभा होता… याला आता सहा आठवडे झाले.

मिलिंद आणि मी बावीस वर्षं एकाच कंपनीच्या बसने पिंपळे गुरवहून चाकणला गेलो. मी लातूरकडून आलेला, प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या विभागातला. तो इथलाच, कामगाराच्या घरात वाढलेला, क्वालिटीत इन्स्पेक्टर. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक असला तरी बाजूला काढायचे, हे त्याचं काम. ऑपरेटर चिडत, पण त्याच्यावर राग धरून बसणं कुणाला जमत नसे, कारण पार्ट नाकारताना तो असा चेहरा करायचा की जणू चूक त्याचीच आहे. शाळेत तो विज्ञानात कायम पहिला. स्कॉलरशिपवर बाहेरगावच्या एका नावाजलेल्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेला आणि दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून सोडून आला, असं तो सांगे. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासणाऱ्या या माणसाचं सांगणं आम्ही मात्र कधी तपासलं नाही.

त्याला एकच वेड होतं. ऐंशीच्या दशकातला एक इंग्रजी विनोदी सिनेमा. कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी चार-पाच अतिहुशार, विज्ञान शिकणारी मुलं, त्यांचे उपद्व्याप, त्यांच्या शोधावर स्वतःचं नाव लावू बघणारा प्राध्यापक आणि शेवटी सगळ्यांनी मिळून केलेली त्याची फजिती. एवढीच गोष्ट. कुठून तरी त्याच्या हाती कॅसेट लागली होती, पुढे तिची सीडी झाली, मग पेन ड्राइव्ह. दर वर्षी कंपनीच्या शटडाऊनच्या आठवड्यात, म्हणजे मशिनच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद असे तेव्हा, सकाळी अकरा वाजता, तो घराच्या वरच्या खोलीत सतरंज्या अंथरून गल्लीतल्या आणि कंपनीतल्या सगळ्यांना हा सिनेमा दाखवायचा. इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच झेपत नसे, म्हणून टीव्हीशेजारी उभा राहून तो मराठीत बोलायचा. "आता हा म्हणतोय, सर, गणित बरोबर आहे, तुम्हीच चुकलाय." आम्ही लोळायचो हसून. पुष्कळ वर्षांनी ऋतुजाने, कॉलेजात गेल्यावर, माझ्या कानात सांगितलं, "बाबा, तो पोरगा असलं काही बोललेलाच नाही. हे सगळं काकांचंच आहे."

सिनेमा संपला की प्रत्येकाने मत द्यायचं, हा त्याचा नियम. जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर तो नाव, वय लिहायचा आणि माणूस जसा बोलला तसंच उतरवून घ्यायचा. सुधारायचं नाही. आमच्या शॉपमधले मावळातले ज्ञानोबा म्हणाले होते, "पोरं हुशार हायेत, पन कामाची न्हाईत. एवढा पसारा केला, तो आवरला कुनी?" शेजारच्या एका मावशींनी विचारलं होतं, "या सगळ्या सिनेमात एकाही पोराची आई कशी नाही रे दिसत? यांना डबा कोण देतं?" एक ट्रेनी म्हणाला, आमच्या आयटीआयत असे सर असते तर मी एक दिवस बुडवला नसता. मिलिंद प्रत्येक मत इतक्या गंभीरपणे ऐकायचा की पहिल्यांदा आलेला माणूस दबकूनच बोलायचा. माझं मत दर वर्षी एकच असे, "टाइमपास आहे, राव." तो तेही दर वर्षी नव्याने लिहून घेई.

सात वर्षांपूर्वी ऋतुजा शिक्षण अर्धं टाकून घरी आली. बाहेरच्या राज्यात, ज्या कॉलेजचं नाव घेतलं की लोक खुर्ची पुढे करतात, अशा ठिकाणी तिला प्रवेश मिळाला होता आणि मी तो आनंद साऱ्या कंपनीत पेढे वाटून सांगितला होता. दीड वर्षाने ती एकटी, दोन बॅगा घेऊन, बसने परत आली. काय झालं ते नीट सांगेना. मी दोन दिवस विचारलं आणि मग बोलणंच बंद केलं. घरात आम्ही दोघंच. तिची आई ती दहावीत असतानाच गेली… तरी मी एका ताटात वाढून ठेवायचो आणि दुसरं घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचो. आज लिहिताना लाज वाटते.

त्याच आठवड्यात शटडाऊन लागला. मी सिनेमाला गेलो नाही. मिलिंद स्वतः येऊन ऋतुजाला घेऊन गेला. संध्याकाळी तो परत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "अंगद, तिला परत जायचं नाहीये. तुला कसं सांगायचं ते तिला कळत नाही, म्हणून मी सांगतोय."

"तू काय म्हणालास तिला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

मग माझा तोल गेला. "तू स्वतः अर्धवट सोडून आलास. तुला काय कळणार पुरं करणं म्हणजे काय असतं? माझ्या पोरीला तुझ्या रांगेत नको बसवू."

मिलिंद उठला. दारात चपला घालताना एवढंच म्हणाला, "तिच्याशी बोल. मला काय हवं ते बोललास तरी चालेल, पण तिच्याशी बोल."

बोललो मी तिच्याशी, महिनाभराने. तिने इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. पण मिलिंदशी वर्षभर नाही बोललो. बसमध्ये तो पुढच्या सीटवर, मी मागे. तो रोज चढताना मान हलवायचा, मी खिडकीबाहेर बघायचो. पुढच्या शटडाऊनला ऋतुजा म्हणाली, मी चाललेय, तुम्ही या नाहीतर राहा. मी गेलो. सिनेमा सुरू झालेला होता. मी जिन्याच्या दारात उभा राहिलो. मिलिंद टीव्हीशेजारून मुलांची वाक्यं म्हणत होता आणि त्याच सुरात, मधे न थांबता, म्हणाला, "आता हा म्हणतोय, दारात उभं राहू नका अंगदराव, पंख्याखाली जागा आहे." सगळे हसले. मी आत जाऊन बसलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच. त्याने तशी वेळच येऊ दिली नाही.

तो ऋतुजाला घेऊन गेला त्या दिवशी त्या दोघांत काय बोलणं झालं होतं ते मला आता कळलं, मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तिच्याबरोबर स्कूटरवरून घरी येताना. सिनेमात एक प्रसंग आहे. त्यातला सगळ्यात लहान, बुजरा मुलगा ट्रंक भरून घरी निघतो आणि बाकीचे धावत येऊन त्याला स्टँडवरून परत नेतात. मिलिंद दर वर्षी नेमका तेव्हाच चहाचं बघायला खाली जायचा. इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऋतुजाच्या आलं. ती त्याच्यामागे खाली गेली आणि तिने विचारलं. तेव्हा त्याने तिला सांगितलं की त्याचे वडील आजारी वगैरे काही नव्हते. त्या वसतिगृहात, आडनाव कळल्यापासून, दीड वर्ष त्याच्याशी धड कुणी बोललं नव्हतं. जेवायला बसला की शेजारची ताटं उचलली जायची. वर्गात पहिला आला तेव्हा तर समोर दिसल्यावर ओळखीचं हसणंही बंद झालं. एका दुपारी त्याने ट्रंक भरली, स्टँडवर तीन बस सोडल्या, कुणी येतंय का ते पाहिलं आणि चौथीत बसला. लोकांत कमीपणा येऊ नये म्हणून त्याने आणि वडिलांनी मिळून आजारपणाची गोष्ट ठरवली.

"मला म्हणाले, तू परत जा असंही मी सांगणार नाही आणि जाऊ नको असंही नाही," ऋतुजा सांगत होती. "फक्त म्हणाले, निघून आलीस म्हणजे तू हुशार नाहीस असं कुणी म्हणालं, तर ते मत मी लिहून घेणार नाही."

मी स्कूटर बाजूला घेतली. अर्धवट सोडून आलास, हे मी त्याला त्याच्या तोंडावर ऐकवलं होतं… आणि त्याने खरं काय ते सांगून मला गप्प केलं नव्हतं. ते त्याला सहज जमलं असतं.

ऋतुजा आता निगडीला एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात शटडाऊन होता. सुनंदावहिनींनी, मिलिंदच्या बायकोने, निरोप पाठवला की सिनेमा लावायचाय. तीसेक माणसं आली. ऋतुजा टीव्हीशेजारी उभी राहिली. तिचं भाषांतर अगदी बरोबर होतं आणि हसू निम्म्याहून कमी. शेवटी तिने कागद घेतला. मी म्हणालो, "माझं लिही. मला आवडतो हा सिनेमा. आधी सांगायला हवं होतं." तिने मान वर न करता लिहिलं.

मग ती वहिनींकडे वळली. इतक्या वर्षांत त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं, मिलिंदनेही नाही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. जरा विचार करून म्हणाल्या, "मला नाही आवडत. पहिल्यापासूनच. फार बोलतात ती पोरं. पण हा सिनेमा झाला की आमचे हे पुढचे चार दिवस घरभर शीळ घालत फिरायचे. म्हणून दर वर्षी मीच आठवण करायचे, यंदा कधी लावताय?"

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं, काकू."

"वाच बरं."

ऋतुजाने वाचून दाखवलं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात वर केला.

"शीळ नको लिहूस," त्या म्हणाल्या. "शीळ नव्हती येत त्यांना. नुसती हवा जायची."

ऋतुजाने तो शब्द खोडला आणि वहिनी म्हणाल्या तसं लिहिलं.