शेजारचा शब्द

माझं शिक्षण चौथी. हे आधीच सांगते, कारण पुढे मी इंग्रजीबद्दल बोलणार आहे आणि कोणाचा गैरसमज व्हायला नको. भातकुलीजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायची. म्हणजे तिची-माझी एका वर्षानं चुकामूक झाली.

एबीसीडी मी माझ्या मुलांच्या मागे बसून शिकले. ती ओट्यावर पाठ करायची आणि मी सुपात तूर पाखडत ऐकायचे. सव्वीस अक्षरं लवकर आली. मोठी आणि लहान अशी प्रत्येकाची दोन रूपं असतात, हे कळायला मात्र दोन वर्षं गेली. तोवर मी त्यांना बावन्न समजत होते आणि मुलं किती हुशार आहेत याचं मला कौतुक वाटायचं.

धाकटा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा मी त्याची रद्दी काढली. त्यात खिशात मावेल एवढा इंग्रजी-मराठी शब्दकोश निघाला. रद्दीवाला म्हणाला, याला वजनच नाही. मला राग आला आणि मी तो ठेवून घेतला. विद्येची आवड वगैरे काही नव्हती. पुठ्ठा गेलेला होता आणि शेवटची पानं उंदरांनी खाल्ली होती. त्यामुळे वाय आणि झेडचे शब्द मला आजही माहीत नाहीत. त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

माझ्याकडे इंग्रजीचं पुस्तक आहे, ही बातमी अमरावतीत आमच्या सासरच्या गल्लीत पसरायला आठ दिवस लागले. बाया औषधाच्या चिठ्ठ्या, कुकरची पुस्तिका, शॅम्पूच्या बाटल्या घेऊन माझ्या ओट्यावर येऊ लागल्या. बहुतेकींकडे तेव्हा बटनाचे फोन होते. ज्यांच्या घरी मोठे फोन होते, त्यांना पोरांना विचारायची लाज वाटायची, कारण पोरं हसायची. मी हसत नव्हते. हसण्याइतकं मला कळतच नव्हतं.

माझा खरा दोष इंग्रजी न येणं हा नव्हता. इंग्रजी न येणारे जगात पुष्कळ आहेत. माझा दोष असा की 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघत नसत. लोक माझ्यासमोर कागद धरून उभे राहत, मी चष्मा लावून पुस्तक उघडत असे, आणि मग काहीतरी सांगणं भाग असे. पुस्तक लहान होतं. अर्धेअधिक शब्द त्यात नसायचे. म्हणून मी एक युक्ती काढली होती.

युक्ती अशी. शब्द सापडला नाही, तर तो जिथं असायला हवा होता तिथं बोट ठेवायचं आणि वरचा-खालचा शब्द पाहायचा. शेतीचा शब्द आणि शेतकऱ्याचा शब्द एकाखाली एक होते. शिकवण्याचा आणि शिक्षकाचा तसेच. म्हणजे पुस्तकात जे शेजारी राहतात ते नात्यातलेच असणार, असं माझ्या चौथीच्या डोक्यानं ठरवलं. वरचा आणि खालचा, त्यातला जो प्रसंगाला शोभेल तो घ्यायचा.

एका बाईच्या गोळ्यांच्या कागदावर 'ल्यूकवॉर्म' पाण्याबरोबर घ्या, असं होतं. तो शब्द नव्हता. त्याच्या वर 'सामान' होतं आणि खाली 'झोपवणे'. मी सांगितलं, पाण्यासोबत गोळी घे आणि लगेच झोप. तिचं पोट बरं झालं. ते पाणी कोमट हवं होतं, हे मला खूप नंतर कळलं. तोवर माझं नाव झालेलं होतं. दुसरीनं शॅम्पूची बाटली आणली. त्यावरचा 'डँड्रफ' हा शब्द नव्हता, त्याच्या शेजारी 'नटवा माणूस' होता. मी सांगितलं, हा शॅम्पू नटव्या लोकांचा आहे. बाटली तिच्या सुनेची होती. त्या घरात पुढे महिनाभर काय बोलणी झाली ते मी ऐकलं, पण कोंड्याचं औषध होतं ते, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

समोरच्या घरात एक विधवा बाई एकटी राहायची. आम्ही सगळ्या तिला भाभी म्हणायचो. ती ब्लाउज शिवायची आणि दोन बकऱ्या पाळायची. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मुलगी बाळापूरला दिलेली. जावई चांगला होता, आमच्याकडेच येऊन राहा म्हणायचा. पण जावयाच्या दारात राहायचं नाही हे तिनं पक्कं ठरवलं होतं. मशीनवर नजर पुरत नव्हती, लोक तयार कपडे घेऊ लागले होते. म्हणून तिनं अकोल्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरातल्या कामासाठी अर्ज केला होता. पगार आणि राहायला खोली. ते काम मिळालं नाही तर बाळापूरच, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

एक दिवस पोस्टमननं तिला पाकीट दिलं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचं मोठं ऑफिस परप्रांतात, म्हणून कागद इंग्रजीत. ती तशीच मशीनवरून उठून माझ्याकडे आली.

"काकी, पाहा ना. लागली का नाही मी?"

लागली होती. तेवढं मला वाचता आलं. कामावर हजर व्हा, हेही आलं. पण कधी, याच्यापुढे 'फोर्थविथ' असा एकच शब्द होता. मी पुस्तक उघडलं. शब्द नव्हता. त्याच्या वर 'पुढे' होता, तो मला बिनकामाचा वाटला. खाली 'तटबंदी करणे'. तटबंदी बाळापूरच्या किल्ल्याला असते, स्वयंपाकाच्या बाईला कशाला. त्याच्याही खाली 'पंधरवडा' होता. मी बोट तिथंच थांबवलं.

"पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणते."

"पंधरा दिन? मंग तर आरामात जाईन मी. लग्नाचे ब्लाउज हातात हायेत, तेवढे होतीन."

"होतीन की. अन् हा कागद गल्लीभर दाखवत फिरू नको, नजर लागते."

नजरेवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या कोणी वाचून वेगळं सांगू नये, एवढंच मला हवं होतं. हे तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

माझी लेक अकोल्याला जठारपेठेत राहते. तिची मुलगी कॉलेजात होती आणि दर रविवारी मला फोन करायची. त्या रविवारी नवा शब्द सांगून तिला चकित करावं असं मला वाटलं. मी फोर्थविथ सांगितला.

"हा कुठं सापडला आजी तुले? आमाले पण कधी लागत नाही."

"एका कागदावर होता. अर्थ पण काढला म्या. पंधरवडा."

ती एरवी माझ्या इंग्रजीला हसायची. तेव्हा हसली नाही.

"आजी, कागद कोणाचा होता?"

"समोरच्या भाभीचा. नोकरीचा."

"त्याचा अर्थ ताबडतोब."

"म्हणजे किती दिवसांत?"

"दिवस नाहीत त्याच्यात आजी. हातात पडला की निघायचं."

कागद येऊन नऊ दिवस झाले होते. मी फोन ठेवला आणि चहा टाकला. मनात काय आलं तेही सांगते. वाटलं, गप्प बसावं. पंधराव्या दिवशी ती आपली आपण जाईल, तिथले लोक तिला परत पाठवतील, ती त्यांना शिव्या घालील. पुस्तक कोण उघडून पाहतो? हा विचार मी चहाला उकळी येईपर्यंत केला. मग गॅस बंद केला आणि समोर गेले.

"भाभी, मशीन थांबव."

"एवढी बाही लावू द्या."

"थांबव म्हटलं ना. त्या कागदाचं म्या चुकीचं सांगतलं. पंधरा दिवस नाही, ताबडतोब या असं होतं."

तिचा पाय थांबला. "तुमी तर किताब पाहून सांगतलं."

"पुस्तकात तो शब्द नव्हता."

"मंग काय पाह्यलं?"

"शेजारचा."

तिनं हातातली बाही बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "काकी, उद्या पोलीस माह्याकडं आले अन् मी घरी नसली, त तुमाले धरून नेतीन का?"

इतकी वर्षं वापरलेली माझी युक्ती तिनं एका वाक्यात निकालात काढली. "सकाळच्या एसटीनं जाऊ," एवढंच मी म्हणाले.

बस मूर्तिजापूरला थांबली. तिथं डबा उघडून तिनं अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली, माझ्याकडे न पाहता. मी खाल्ली. पश्चात्तापानं माझी भूक मरत नाही.

वसतिगृहाच्या ऑफिसात एक बाबू बसले होते. त्यांनी कागद पाहिला, तारीख पाहिली.

"नऊ-दहा दिवस कुठं होत्या बाई तुमी?"

भाभीच्या आधी मीच बोलले. "तिचं नाही चुकलं साहेब. कागद म्या वाचून देल्ला."

"तुमी कोण?"

"हे माही इंग्रजी आहे," भाभी म्हणाली.

"किती शिकल्या?"

"चौथी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंग उशीर काहून झाला ते लिहून द्या. मॅडमपुढं ठेवतो."

"इंग्रजीत लिहू?" मी विचारलं. खरंच विचारलं. सवय अशी लवकर जात नाही.

"नका," ते घाईघाईनं म्हणाले. "मराठीतच द्या."

लग्नानंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. बाकावर बसून लिहिलं. शेजारणीचा दोष नाही, मी पुस्तकातला शेजारचा शब्द पाहून सांगितलं, असं आधी लिहिलं. मग पेन अडलं. शेवटी लिहिलं, 'मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तरी मी सांगितला.' एवढी दोन वाक्यं लिहायला मला भाजी निवडण्याएवढा वेळ लागला, आणि अक्षर बघाल तर पहिलीतल्या पोरीचं.

दुपारी मॅडमनी आत बोलावलं. माझा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, "शेजारी कोणता शब्द होता?" मी सांगितलं. त्यांनी टेबलावरचं दुसरं पाकीट दाखवलं. भाभी आली नाही म्हणून यादीतल्या पुढच्या बाईला लिहिलेलं पत्र होतं ते. सही व्हायची होती, म्हणून निघालं नव्हतं.

"आज रुजू होता का?" त्या भाभीला म्हणाल्या. "आज म्हणजे आत्ता. संध्याकाळच्या स्वयंपाकाला."

भाभीनं माझ्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहतं," मी म्हणाले. "मॅडमकडं पाहून सांग."

"होतो जी," ती म्हणाली. ज्या साडीत आली होती त्याच साडीत ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"बकऱ्यायले सकाळी पाला, दोन्ही टाइम पाणी. अन् चार ब्लाउज राहिले हायेत. ज्याच्या त्याच्या घरी सांगून द्या."

तेव्हा मला वाटलं, स्वस्तात सुटले. पण लग्न चार दिवसांवर होतं. चार घरी जाऊन ब्लाउज होणार नाहीत हे सांगणं आणि त्यावर 'काहून?' या प्रश्नाचं उत्तर देणं, यापेक्षा मॅडमपुढे उभं राहणं सोपं होतं. शॅम्पूच्या बाटलीवाली त्या चौघींत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या बाटलीवर नटवा नव्हता?" मी नाही म्हणाले. तिची सून आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

पुस्तकात त्या जागी मी पेन्सिलीनं फोर्थविथ लिहून ठेवला. अर्थ : ताबडतोब. त्यापुढे, 'दिवस नाहीत'.

महिन्यानं भाभी दोन दिवस सुटी घेऊन आली. आधी बकऱ्यांकडे गेली. "बारीक केल्या काकी तुमी," म्हणाली. मग माझ्या ओट्यावर बसून पिशवीतून वसतिगृहाचा एक कागद काढला. पुन्हा इंग्रजी. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "एवढा पाहा."

मी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, जागा शोधली. शब्द नव्हता. वरचा आणि खालचा, दोन्ही होते. खालचा तर चांगला शोभत होता. मी पुस्तक मिटलं.

"माहीत नाही."

भाभीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तब्येत बरी हाय ना काकी?"